फुसक्या घरी येतो

“आई, मी आलो!”

नव्या कलाकाराने असा काही आवाज लावला, की दार उघडायला आई नाही, अख्खी गल्ली धावत यावी. काचेपलीकडे दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. “अकरावा टेक,” तो माइकमध्ये म्हणाला. “अरे, तू घरी आलायस. सभेला नाही.”

डबिंगच्या त्या खोलीत, कोपऱ्यातल्या स्टुलावर मावशी बसल्या होत्या. चौपन्न वर्षांच्या. गेली आठ वर्षं फुसक्या त्यांच्याच गळ्यातून बोलत होता. कार्टून मालिकेतला हा पोरगा. तळहातातून ठिणगी काढायची विद्या शिकायला गेलेला, पण ऐन वेळी याच्या हातातून नुसता धूर निघायचा, म्हणून वर्गाने नाव ठेवलं फुसक्या. त्याने मार खाल्ला की मावशींनी कळवळायचं, तो पळाला की मावशींनी जागच्या जागी धापा टाकायच्या. त्याचा गुरू गेला त्या दिवशी तर त्या इतक्या रडल्या, की आठवडाभर घसा बसला आणि हातची दोन कामं गेली.

आता फुसक्याने राक्षसाला लोळवलं होतं आणि गोष्टीतल्या तीन वर्षांनी तो घरी परतत होता. त्याला मिसरूड फुटलं होतं, आवाजही फुटला होता. पोराचा आवाज बाई काढते, बाप्याचा कुठून काढणार? म्हणून नवा आणला होता. बत्तीस वर्षांचा. दहा वर्षं जाहिरातींच्या शेवटी एका श्वासात ‘अटी व शर्ती लागू’ म्हणणारा, हीच त्याची ओळख. हा त्याचा पहिला नायक होता.

दिग्दर्शकाने मावशींना बाहेर बोलावलं.

“अजून एकदा बघतो,” तो हळूच म्हणाला. “नाहीच जमलं तर फुसक्या तुम्हीच बोला. मशीनवर आवाज थोडा खाली आणू. घेतील चालवून.”

मावशींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोला, सकाळपासून नव्याचं वाक्य फसलं की त्यांना आतून बरंच वाटत होतं. आणखी एकदा फसायचा अवकाश, की पोरगं पुन्हा त्यांचंच.

काचेतून नवा दिसत होता. माइक बंद होता तरी त्याचे ओठ हलत होते. तेच तीन शब्द, पुन्हा पुन्हा. मधेच थांबून तो घामेजलेले हात पँटला पुसायचा आणि परत सुरू करायचा. मावशींना ते बघवेना. फुसक्या नेमका असाच शिकला होता, सगळे जेवायला गेले की मैदानात एकटा. त्यांना नव्याची दया आली आणि स्वतःची लाज वाटली.

त्या आत गेल्या.

“काय रे, जिंकून आलायस का तू?”

“हो ना, मावशी. राक्षस मारून आलाय तो.”

“राक्षस राहिला तिकडे. आत्ता हा दारात उभा आहे. ताडमाड वाढलाय, आवाज बदललाय. आई ओळखेल की नाही, याची धास्ती आहे त्याला. इतकी तर राक्षसाचीसुद्धा वाटली नव्हती.”

 नवा खाली बघत म्हणाला, “मलाही तेच वाटतंय, मावशी. पोरं म्हणतील, हा कोण आलाय? हा आमचा फुसक्या नाहीच.”

“मग झालं तर. तेच घेऊन बोल. शब्द कागदावरचेच राहू देत.”

“तुम्ही आईचं वाक्य द्याल? समोर कुणी नसलं ना, की मी ओरडायला लागतो.”

खरं तर इथे जो तो एकेकटाच येऊन आपली वाक्यं बोलून जायचा. आईचं काम करणारी बाई गुरुवारी येणार होती. दिग्दर्शकाने काचेतून मान हलवली. “द्या मावशी. नंतर काढून टाकू ते.”

मावशी दुसऱ्या माइकपाशी उभ्या राहिल्या. कागदावर लिहिलं होतं: दारावर थाप. आतून आई, ‘कोण आहे?’ मग फुसक्या, ‘आई, मी आलो.’

हेडफोनमध्ये खुणेचे तीन बीप वाजले. पडद्यावर एक उंच तरुण दारासमोर आला. उगाच केस सारखे केले, हात उचलला, खाली घेतला, मग थाप मारली. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. आठ वर्षांत पहिल्यांदा या माइकवर त्या आपल्या स्वतःच्या आवाजात बोलल्या.

“आलास?”

नव्याने चमकून त्यांच्याकडे बघितलं.

“आई,” तो इतक्या हळू म्हणाला, की आवाजाचा काटा जेमतेम हलला. “मी आलो.”

दिग्दर्शकाने माइक सुरू केला.  “हा ठेवला,” तो म्हणाला. नवा मटकन स्टुलावर बसला आणि लहान मुलासारखा बाहीने नाक पुसायला लागला.

“आणि मावशी,” दिग्दर्शक म्हणाला, “आईचंही तुमचंच ठेवतो. दाराआड आहे ती, ओठ दिसत नाहीत, वाक्य आरामात बसेल. फक्त एकदा नीट घेऊ या. कागदावर ‘कोण आहे?’ असं आहे, तुम्ही ‘आलास?’ म्हणालात.”

“ते मला नाही जमायचं,” मावशी म्हणाल्या. “त्याला मी कसं रे विचारू, कोण आहेस म्हणून?”