बाईसाहेबांची वाळू

"भरड आहे," बाबा म्हणाले. मांजराच्या ट्रेमधली चिमूटभर वाळू त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिली. "हिच्या पंजाला टोचत असणार. मग ही नीट झाकत नाही. दोन लाथा मारते, निम्मी बाहेर उडवते आणि धूम ठोकते."

बाथरूमपासून स्वयंपाकघरापर्यंत वाळूच वाळू झाली होती. मांजर खिडकीत बसून पंजे चाटत होती. घरात तिला सगळे बाईसाहेब म्हणत, आणि ती वागायचीही तशीच.

बाबांनी छत्तीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे साचे केले होते. वाळूतलं आपल्याला कळतं हे त्यांनी कुणाला सांगायची गरज नव्हती, तरी ते दिवसातून दोनदा सांगत. लेकाकडे ते आठ दिवसांसाठी आले होते आणि पिशवीही आठ दिवसांच्या कपड्यांचीच आणली होती.

लेकाला ते कायमचे हवे होते. हिवाळ्यात बाबा त्यांच्या घरी एकटे असताना बाथरूममध्ये घसरून पडले, आणि ही बातमी त्यांनी चार दिवसांनी, थंडी किती पडलीय हे सांगता सांगता फोनवर दिली. तेव्हापासून फोन वाजला की लेक हातातलं काम टाकून धावायचा. बाबा आले त्या दिवशीच त्याने विषय काढला.

"आता इथेच राहा ना, बाबा."

"आणि करू काय? तुम्ही दोघं कामाला जाणार, मी भिंतींशी गप्पा मारू? बिनकामाचा माणूस घरात अडगळ होतो."

"असं काय बोलता?"

"विषय संपला."

बाबांनी विषय संपला म्हटलं की तो संपायचा. पण वाळू त्यांना बघवेना. "हिला वळण लावतो आणि मग जातो," असं सुनेला सांगून ते कामाला लागले. ट्रेचं झाकण काढून टाकलं. ट्रे छोटा म्हणून कपडे भिजवायचा पसरट टब आणला. बारीक वाळू आणली, तीही स्वतः चाळली आणि बरोबर चार बोटांचा थर दिला. टब जेवणाच्या वाटीपासून लांब, शांत कोपऱ्यात ठेवला.

सहाव्या दिवशी बाईसाहेबांनी खड्डा केला, कार्यक्रम उरकला, मागे वळून वास घेतला आणि सगळं इतकं निगुतीने झाकलं की बाबांच्या तोंडून "शाब्बास!" निघून गेलं. फरशीवर एक कण नव्हता. संध्याकाळी बाबांनी खुंटीवरची पिशवी काढली.

"झालं माझं काम. शुक्रवारी निघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर पुन्हा वाळू होती. बाबांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पिशवी पुन्हा खुंटीला लावली.

सुनेने नवऱ्याला स्वयंपाकघरात गाठलं. "पाच वाजता उठून कुठे गेला होतास?"

"दोन मुठी टाकल्या फक्त," तो हळूच म्हणाला.

ती पदर तोंडाला लावून हसली. "लाज नाही वाटत? आयुष्यभर वाळू हाताळलेल्या माणसाला वाळूनेच फसवतोस?"

"वाटते. पण ते इथे आहेत ना!"

दुसऱ्या दिवसापासून पाचचा गजर तीच लावू लागली.

असे अडीच महिने गेले आणि फार सुखाचे गेले. बाबा सकाळी वाळू झाडायचे, चाळायचे आणि बाईसाहेबांना शेलक्या शब्दांत सुनवायचे. त्यांनी लाकडी चौकटीची चाळणी बनवली. शेजारच्या दोन मांजरांच्या मालकिणी सल्ला विचारायला येऊ लागल्या, तर बाबा त्यांना चहा पाजून थराची जाडी समजावत. त्यांच्या गालांवर मांस चढलं. घरी आल्यावर त्यांचा आवाज ऐकू आला की लेकाचा दिवसभराचा शीण जायचा.

"आज जरा अतीच केलंस," सून एकदा म्हणाली. "पार दारापर्यंत?"

"मी दोनच मुठी टाकतो. बाकीचा हातभार बाईसाहेबांचा असेल."

"म्हणजे तिलाही ते इथेच हवेत!"

मग एका संध्याकाळी बाईसाहेबांनी सुनेच्या शिवणाच्या डब्यातला दोरा गिळला. बाबा आठच्या ठोक्याला झोपायचे, पहिल्या पाळीची जुनी सवय. त्यांना न उठवता दोघांनी मांजरीला टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तिला रात्रभर देखरेखीखाली ठेवून घेतलं.

"उद्या गजर नको," परत येताना लेक म्हणाला. "मांजरच घरात नाही, तर वाळू कुणी उधळली म्हणून सांगणार? पण त्यांना फरशी स्वच्छ दिसली, की पिशवी आलीच खाली."

"उठल्या उठल्या खरं सांगून टाकू, ती दवाखान्यात आहे म्हणून. एक दिवस निभावेल."

सकाळी सातला डॉक्टरांच्या फोननेच त्याला जाग आली. दोरा निघाला होता, मांजर ठणठणीत होती, दहानंतर घेऊन जायला सांगितलं होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. बाबांना सांगायला तो तसाच बाहेर आला.

बाबा हातात केरसुणी घेऊन उभे होते. बाथरूमपासून थेट बाहेरच्या दारापर्यंत वाळू पसरली होती.

"ये, बघ हिचे प्रताप," बाबा म्हणाले. "आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत उधळून पळाली तुमची बाईसाहेब. छे, अजून दोन-तीन महिने तरी मला इथून हलता यायचं नाही."