आधी डोळा लाव

विल्फ्रिदोचा पांढरा कोट आजही कडक इस्त्रीचा होता. पाणी गाळायच्या यंत्राच्या जाहिरातीमुळे सारा पॅराग्वे त्याला ओळखायचा. शाळेसमोरच्या फलकावरही तोच हसत होता. पण अरेगुआच्या त्या शाळेतली पोरं त्याच्यासोबत भराभर फोटो काढून आंब्याखाली पळाली. तिथे निमिया सूक्ष्मदर्शक मांडून बसली होती.

अकरा वर्षं दोघांनी टीव्हीवर विज्ञानाचा कार्यक्रम केला. बोलायचा तो; ती नळ्या धरायची. कार्यक्रम बंद पडला, त्याला जाहिराती मिळाल्या, आणि ती मोटरसायकलवरून शाळाशाळांतले सूक्ष्मदर्शक दुरुस्त करत हिंडू लागली. आज तीही इथे येणार हे ठाऊक असतं, तर तो जाहिरातीच्या चित्रीकरणाला आलाच नसता.

"हिला कॅमेऱ्यासमोर दोन वाक्यं धड बोलता यायची नाहीत," तो कॅमेरावाल्याला म्हणाला. "आणि बघ, पोरं कशी चिकटलीत."

मग त्याने मुख्याध्यापिकाबाईंना गाठलं. "मुलं माझ्याभोवती हवीत, बाई. चित्रीकरण खोळंबलंय."

मुलं आली, बसली. माना मात्र आंब्याकडे.

"पाण्यात काय असतं, कोण सांगेल?" त्याने आपला जुना आवाज लावला.

"वल्ही मारणारा किडा असतो," पुढची एक मुलगी म्हणाली. "एवढासा. त्याचं काळीज धडधडताना दिसतं. तुमच्या यंत्रात तो मरतो का हो, काका?"

त्याने लिहून दिलेला कागद उलटून पाहिला.

"ते निमियामावशीला विचार," त्याच्या तोंडून निघून गेलं, आणि पोरं उठलीच.

तोही तणतणत मागे गेला. निमिया तेरेरेचे गार घोट घेत होती. त्याला बघून तिने नुसती सरकून जागा दिली. कॅमेरा चालू होता. सूक्ष्मदर्शकावर हात ठेवून तो म्हणाला, "तर मित्रांनो, इथे आपल्याला दिसतं की..."

"विल्फ्रिदो," ती हळूच म्हणाली, "आधी डोळा तरी लाव."

पोरं खुदखुदली. तो लालबुंद होऊन वाकला, चाक जरासं फिरवलं, आणि तसाच वाकून बघत राहिला. कॅमेरावाल्याने शेवटी कॅमेरा खाली घेतला.

"काका, आता माझी पाळी." मुलीने त्याचा कोट ओढला.

"थांब गं," तो डोळा न काढता म्हणाला. "आत्ता कुठे तो किडा वळलाय."