वर गेलेला हात

वामनरावांची नडगी मोडली तो आवाज मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांनाही ऐकू आला. चेंडू केव्हाच पुढे निघून गेला होता. तांबड्या केसांच्या गोऱ्या शिपायाने चेंडूकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. वामनरावांच्या पायावर नजर ठेवून तो धावत आला आणि पायावरच लाथ घातली.

शिट्टी वाजली. पंच पलटणीतलाच म्हातारा कप्तान होता. त्याने तांबड्याला जवळ बोलावून काही विचारलं. तांबड्याने छातीवर हात ठेवून उत्तर दिलं. कप्तानाने मान डोलावली आणि खेळ पुन्हा सुरू केला.

"काय म्हणे तो?" वामनरावांच्याच बाजूने खेळणाऱ्या जहांगीरने कडेला झेंडा धरून उभ्या असलेल्या उत्तमरावांना विचारलं. ते शाळेत इंग्रजी शिकवत.

"चेंडूच मारला म्हणे. कप्तान म्हणते, ज्याचा त्याचा शब्द. मैदानात कोणी खोटं बोलत नाही म्हणे."

वामनरावांना उचलून बंडीवर निजवलं. वैद्याकडे न्यायला बैल जुंपले, तर त्यांनी दोन्ही हातांनी चाकाचा आरा धरला. "सामना सरल्याबिगर मी हालत नाही."

खामगावच्या जिनातले, म्हणजे कापसाची सरकी काढायच्या कारखान्यातले, कापूस ओढणारे गडी त्या दिवशी एका गोलने पुढे होते. दर हिवाळ्यात पलटण यायची, जिनामागे डेरे टाकायची, फुटबॉलात गड्यांना हरवायची आणि त्यांच्या पाठी थोपटून निघून जायची. लोक मोठ्या ऐटीत त्याला विलायत विरुद्ध हिंदुस्थान म्हणत, आणि दर खेपेला हिंदुस्थान मान खाली घालून घरी जाई. आज मात्र बाजाराला आलेली माणसंही परतीच्या बंड्या सोडून कडेला उभी होती. एवढा एक सामना जिंकावा, मग पुढे काय व्हायचं ते होवो, असं प्रत्येकाला वाटत होतं.

जहांगीरचा मूळ खेळ हुतुतूचा. तो त्याला वामनरावांनीच शिकवला. त्यांच्या आळीत हुतुतूला पंच नसे. गडी शिवून परत गेला, की शिवलेल्याने हात वर करायचा आणि आपल्या पायाने बाहेर व्हायचं. कुणी सांगायची वाट पाहायची नाही. वामनरावांनी पहिला धडा दिला तो हाच.

उन्हं कलली तेव्हा चेंडू गोल राखणाऱ्या गड्याच्या डोक्यावरून आत चालला होता. मागे एकटा जहांगीर. उडी मारूनही डोकं चेंडूला पुरत नव्हतं. त्याने हात उचलला आणि चेंडू बाहेर लोटला. चुकून लागला असं मुळीच नव्हतं. वामनरावांची नडगी आठवून त्याने तो लावला होता.

गोरे ओरडले. धूळ उडाली होती, कप्तान लांब होता, त्याला काही दिसलं नव्हतं. तो उत्तमरावांना घेऊन जहांगीरपाशी आला.

"साहेब विचारून राह्यले, हात लागला का," उत्तमराव म्हणाले. आणि त्याच सुरात पुढे, "नाही म्हण. नुसती मान हालव, बाकी मी पाहून घेतो."

जहांगीरने तोंड उघडलं. 'नाही' अगदी ओठावर होतं. कप्तानाच्या खांद्यावरून त्याला बंडी दिसली. कोपरावर उठून वामनराव इकडेच पाहत होते.

जहांगीरचा उजवा हात वर गेला.

त्याचं इंग्रजी करायची गरज पडली नाही. कप्तानाने शिट्टी वाजवली. तांबड्याने चेंडू ठेवला आणि शांतपणे गोल केला. त्यानंतर गड्यांच्या पायांत जीवच उरला नाही. वेळ संपता संपता गोऱ्यांचा दुसराही झाला आणि सामना गेला.

तांबडा हसत आला, जहांगीरचा तोच हात हातात घेऊन हलवत काहीतरी बोलला.

"काय म्हणे?"

उत्तमराव झेंडा गुंडाळत होते. "शाबास म्हणे. खरा खेळाडू म्हणे." ते दुसरीकडे पाहू लागले.

लोक पांगले. कुणी जहांगीरला शिव्या दिल्या नाहीत, आणि तेच त्याला सोसेना. तो बंडीपाशी जाऊन उभा राहिला.

"काऊन केलं बे असं?" वामनरावांनी विचारलं.

"तुम्हीच शिकवलं न भाऊ. लागला की हात वर करा."

"मी हुतुतू शिकवला. हा त्यायचा खेळ हाय." नडगीला बांधलेल्या कामट्यांवर त्यांनी हात ठेवला. "अन् इमानदारीच कराची होती, तं हात लावला कशाले? चोरी कराची होती, तं पुरी कराची होती. माह्या पायाचंही काही केलं नाही अन् खेळाचंही नाही."

बंडी हलली तेव्हा खड्ड्यागणिक वामनराव कण्हत होते, आणि जहांगीर मागून चालत राहिला.

काही दिवसांनी आळीत हुतुतूचा डाव पडला. वामनरावांची खाट भिंतीशी आणून ठेवली होती. पाय वाकडा जुळत होता. आता खेळणं होणार नाही, हे वैद्याने सांगण्याआधीच त्यांना कळलं होतं.

समोरच्या बाजूचा उकंडराव दम धरून आला, जहांगीरच्या खांद्यावर थाप मारली आणि आपल्या बाजूला परत गेला. थाप चांगली जोरात बसली होती. सगळे जहांगीरच्या हाताकडे पाहत थांबले.

हात खालीच राहिला. जहांगीर जागचा हलला नाही. तो आधी इकडे, मग तिकडे पाहू लागला.

"काय पाह्यतं बे?" उकंडरावने विचारलं. "लागला नाही काय?"

"पंच कोण हाय?" जहांगीर म्हणाला.

खाटेवर वामनरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.