वीस लिटरचा समुद्र

"यांनी दगड पाळलाय," शालनताई पाहुण्यांना हसून सांगायच्या. रघुवीररावांनी काचेच्या चिमुकल्या टाकीत खारं पाणी भरलं होतं आणि दीड महिना त्यात समुद्रातला दगडच होता. पाणी स्थिरावल्याशिवाय मासा द्यायला दुकानदार तयार नव्हता.

अखेर आणलेला नारिंगी मासा थेट दगडामागे लपला. दोन दिवस त्याने काहीच खाल्लं नाही. रघुवीररावांनाही घास गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बाहेरच्या खोलीतून शालनताईंचा आवाज आला. "ये रे बाळा. परक्या घरात होतं असं. लग्न होऊन आले तेव्हा मीही दोन दिवस जेवले नव्हते."

रघुवीरराव दारातच थबकले. "मला कधी बोलली नाहीस!"

"ते राहू द्या हो," टाकीवरची नजर न हटवता त्या म्हणाल्या, "आधी इकडे या. जेवतोय बघा!"