येते म्हटल्यावर

सांगोल्याच्या बजाबाईनं सोलापूर पहिल्यांदा पाहिलं, ते लेकीकडं, सुगंधाकडं, चार दिवस राहायला आली तेव्हा. गिरण्यांची धुराडी, सकाळचा भोंगा, नवी पेठेत काचेमागं साड्या नेसवून उभ्या केलेल्या बाहुल्या, सगळं तिच्या मनात भरलं. एकच गोष्ट खटकली.

पेठेतल्या दुकानदारानं चादरी उलगडून दाखवल्या, वर चहाही पाजला. उठताना ती सवयीनं म्हणाली, "येते बरं का, दादा."

"जावा," तो हसून म्हणाला.

बजाबाई पायरीवरच थबकली. निघालेल्या माणसाला 'या' म्हणायचं असतं. 'जा' म्हणजे कायमचंच. शहराची रीतच असंल न्यारी, म्हणून तिनं मनाची समजूत घातली.

पण शेजारच्या तेलुगू म्हातारीनं तिला गजरा माळला आणि म्हणाली, "जावा." देवळातल्या पुजाऱ्यानं कपाळाला अंगारा लावला. "जावा." सगळ्यांचा सूर कसा मायेचा होता.

निघायच्या दिवशी सुगंधा स्टँडवर आली. एसटी सुरू झाली, तसा बजाबाईनं खिडकीतून लेकीचा हात घट्ट धरला.

"येते गं."

"जा, आई."

बजाबाईच्या अंगावर काटा आला. "असं म्हनू नगं, पोरी. 'ये' म्हन की."

सुगंधा नवलानं आईकडं बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"तेच तर म्हनतीय की, आई," ती म्हणाली. तिचे ओठ 'ये' म्हटल्यासारखेच हलले. "जा."