सोळा मात्रांचा सूर

“गाल फुगवायचे नाहीत,” डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी सरळ दोन्ही तळहातांनी त्याचे गाल दाबून धरले. “हं, आता फुंका.”

त्याने श्वासाचा जोर मोजायच्या नळीत फुंकलं. काटा दोनशेऐंशीवर अडकला. मघाशी गाल मोकळे होते तेव्हा तोच काटा सहाशेच्या पुढे गेला होता. चाळीस वर्षं ट्रम्पेट वाजवणाऱ्या माणसाला गालात हवा साठवून एक सणसणीत फुंकर मारणं म्हणजे डाव्या हातचा मळ. घरी दिलेल्या नळीतही त्याने महिनाभर हेच केलं होतं. बायको रोज सकाळी तो आकडा वहीत लिहायची आणि खूश व्हायची.

“म्हणजे महिनाभर मी थापा लिहीत बसले?” बायको म्हणाली. “अहो, छाती तपासायला दिली होती नळी, नंबर काढायला नाही.”

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. हा दमाच आहे, म्हणाल्या. साठी उलटल्यावरही सुरू होतो. त्यांनी पंप लिहून दिला. हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, दाबता दाबता सावकाश आत ओढायचा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा. “आणि लपवून ठेवू नका,” हे त्यांनी दारापर्यंत येऊन सांगितलं. नेमकं तेच तो करणार होता.

वाद्यवृंदात त्याला सगळे ‘पहिला’ म्हणत, कारण ट्रम्पेटच्या पहिल्या खुर्चीवर तो बावीस वर्षं बसत होता. शेजारच्या खुर्चीवरचा अर्थातच ‘दुसरा’. दुसरा त्याच्याहून आठ वर्षांनी लहान, छाती दाराएवढी आणि बोलण्यात महाकंजूष. माणूस उगाच इतका गप्प बसत नाही, असं पहिल्याचं मत. तो खुर्चीवर डोळा ठेवून असतो. त्यात नवे संचालक आलेले. त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, की आज संध्याकाळच्या कार्यक्रमानंतर खुर्च्या नव्याने ठरतील आणि शेवटच्या रचनेतला सोळा मात्रांचा सूर ऐकून ठरतील.

सहा महिने तो सूर पहिल्याच्या छातीत मावत नव्हता. नवव्या मात्रेला आत कुणीतरी मूठ आवळल्यासारखं व्हायचं. मग तो चोरून श्वास घ्यायचा आणि पुन्हा सुरात शिरायचा. कुणाला पत्ताही लागला नाही, ना संचालकांना, ना श्रोत्यांना. सभागृहाचं छत उंच आहे, सूर घुमत राहतो, तेवढी फट झाकली जाते, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पंप दिसला असता तर मूठ उघडली असती. दमेकरी ट्रम्पेटवाला ठेवतं कोण?

कार्यक्रम पाचचा. वीस मिनिटं आधी, मागचा जिना चढताना त्याचा श्वास अडकला. वाद्यांच्या रिकाम्या पेट्या ठेवायच्या खोलीत तो शिरला आणि कडी लावली. कोटाच्या आतल्या खिशातून पंप काढला. कसाबसा हलवला, ओठांत धरला, दाबला आणि फुंकला. चाळीस वर्षांची सवय. ओठांना काही लागलं की फुंकायचं, एवढंच त्या ओठांना ठाऊक. औषधाचा फवारा तोंडाबाहेर उडाला. त्याने पुन्हा दाबला आणि पुन्हा फुंकला. छातीतून आता शिट्टी ऐकू येत होती.

दार वाजलं.

“उघड,” बाहेरून आवाज आला. दुसऱ्याचा.

सगळ्या जगात नेमका हाच. पहिल्याला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा लाज मोठी होती. क्षणभर त्याने खरोखरच हिशेब केला, की दार न उघडता किती वेळ काढता येईल. मग एका पेटीवर कोसळता कोसळता त्याचा हात कडीवर पडला आणि ती सरकली.

दुसरा आत आला. त्याने पंप पाहिला, पहिल्याचे निळसर ओठ पाहिले, आणि त्याच्यासमोर खाली बसला.

“फुंकू नकोस, ओढ,” तो म्हणाला. “सूर लावायच्या आधी घेतो ना, तसा. लांब.”

त्याने पंप हलवून पहिल्याच्या ओठांत धरला आणि वेळ साधून दाबला. पहिल्याने ओढला. दुसरा त्याच्या मनगटावर बोटाने ठोके देत राहिला, एक ते दहा. थोडं थांबून पुन्हा एकदा. हळूहळू शिट्टी उतरली. ओठांवर रंग आला. हवा छातीत परतली आणि तिच्या मागोमाग खुर्चीची काळजीही परतली.

बाहेर वाद्यं जुळवायला सुरुवात झाली होती. पहिल्याने पंप मुठीत झाकला. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघायची त्याची हिंमत होईना.

“संचालकांना सांगणार आहेस?” त्याने विचारलं.

दुसऱ्याने त्याला काखेत हात घालून उभं केलं.

“सांगायला आहे काय? नवव्या मात्रेला तू सूर सोडतोस, तू परत येईस्तोवर मी धरतो. सहा महिने झाले. तुला तरी कळलं का?”