पिंपाची किल्ली

सासू शिवकन्येची वेणी सोडत होती. एकेक पेड बोटांनी मोकळा करत होती. पलीकडच्या खाटेवर बायडाबाई ते बघत पडली होती.

दोघी जावा. दोघींचे दिवस भरून वर गेलेले. कळा येईनात, म्हणून कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सकाळीच दोघींच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी पाण्यानं भरलेला फुगा ठेवला होता. फुग्याची नळी खाटेच्या पायथ्यावरून खाली सोडलेली, तिच्या टोकाला सलाईनची बाटली. तोंड उघडलं की फुगा सुटणार, बाटली खाली येणार. बायडाबाईची तिसरी खेप, तिची बाटली दुपारच्या आत पडेल. पहिलटकरणीला वेळ लागेल, असं सिस्टर सांगून गेल्या होत्या.

दुपार टळली. दोन्ही बाटल्या लोंबतच होत्या.

सासूचा जीव मात्र एकाच खाटेवर. बाई अडली की घरात काही बंद ठेवू नये, कुठं गाठ ठेवू नये, ही जुनी रीत. निघतानाच तिनं पेट्या, डबे, उतरंडीची गाडगी, सगळं उघडं टाकलं होतं. बायडाबाईला आपली पहिली खेप आठवली. उसाच्या फडावरची खोपटासारखी कोप, अंगाखाली पाचट, आणि मानेत रुतणारा बुचडा. तो कुणी सोडला नव्हता. आजही तो तसाच रुतत होता.

"समदं उघडलं," सासू म्हणाली. "एक तुझं पिंप राहिलं, बायडे. किल्ली दे, माणूस धाडते."

टँकर चौथ्या दिवशी यायचा. दुष्काळानं गावात पाण्यालाही कुलपं आली होती. बायडाबाईनं पदराच्या टोकाची गाठ मुठीत आवळली. "तिच्या पोराचं माझ्या पिंपापाशी काय अडलंय?" म्हणाली आणि तोंड फिरवलं.

दिवस कलताना डॉक्टरीणबाईंनी शिवकन्येच्या पोटावर बाळाचे ठोके ऐकले, ते जरा मंदावले होते. अर्धा तास बघू म्हणाल्या, नाहीतर बीडला नेऊन पोट उघडावं लागेल. सासू शिवकन्येच्या उशाशी सरकली. शिवकन्येनं तिच्याकडे बघितलंच नाही. पलीकडच्या खाटेकडे हात लांबवला.

"आक्का, तुमी दोनदा गेलात यातनं. मला लई भेव वाटतंय."

दिवसभरात बायडाबाईशी कुणी मनातलं बोललं ते हे पहिलंच.

तिनं पदर तोंडाशी नेला. घामानं गाठ घट्ट बसली होती. दातांनी सोडावी लागली. किल्ली सासूच्या हातावर ठेवली. "उघडा. आन् पाणी ठिवा तिच्या न्हाणीला. लागंल तेवढं."

तेवढ्यात फरशीवर बाटली आदळली.

सासू लगबगीनं शिवकन्येच्या पायथ्याशी वाकली. तिथली बाटली जागच्या जागी लोंबत होती. ती सावकाश मागं वळली, आणि किल्ली मुठीत धरूनच तिनं बायडाबाईचा बुचडा सोडायला हात घातला.